वर्षातून दोनदाच लागणारा पोल सॉ: घरच्या झाडांसाठी कसा निवडावा

परसातला आंबा, कुंपणाजवळचा शेवगा, गच्चीवर झुकलेला गुलमोहोर. घरच्या झाडांची छाटणी बहुधा वर्षातून दोनदा होते. एकदा पावसाळ्याआधी, वाळक्या आणि लोंबणाऱ्या फांद्यांसाठी. दुसऱ्यांदा फळं उतरल्यावर, आंब्यासाठी. म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला छोटी चेनसॉ बसवलेलं हे यंत्र, पोल सॉ, वर्षात फार तर चार-सहा तास चालणार आणि उरलेला काळ माळ्यावर पडून राहणार. दुकानात सगळं बोलणं ताकदीभोवती फिरतं: किती व्होल्ट, किती सीसी. घरच्या वापरासाठी मात्र दोनच प्रश्न महत्त्वाचे. दांडा पूर्ण लांब केल्यावर टोकाचं वजन तुमच्या हातांना झेपतं का? आणि सहा महिने पडून राहिल्यावर यंत्र पहिल्या झटक्यात चालू होतं का?

आधी झाड बघा, मग दुकान

छाटायच्या फांद्या जमिनीवरून नीट पाहा आणि जाडीचा अंदाज घ्या. मनगटाएवढी फांदी साधारण ५-६ सेंमी, पोटरीएवढी ११-१२ सेंमी. वर्षाला मनगटाएवढ्या चार-पाच फांद्याच काढायच्या असतील, तर मोटारीचं यंत्र घेऊच नका. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर बसणारी वाकड्या पात्याची हातकरवत पुरते. ती ओढताना कापते, त्यामुळे खाली उभं राहून जोर लावणं सोपं जातं. तिला बॅटरी नाही, तेल नाही, आणि दहा वर्षांनीही ती तशीच चालते. फांद्या ६ ते १२ सेंमी असतील आणि संख्या वीस-तीसच्या घरात असेल, तर पोल सॉ घेण्यात अर्थ आहे. १५ सेंमीच्या वरच्या फांद्या, छपरावर आडव्या गेलेल्या फांद्या आणि माडाची झावळं हे यंत्राचं काम नाही. ते झाडावर चढून, दोर लावून फांदी उतरवणाऱ्या माणसाचं काम आहे.

आता उंची. खोक्यावर 'पोहोच ४.५ मीटर' असं लिहिलेलं असतं. त्यात दांड्याची लांबी, माणसाची उंची आणि वर ताणलेले हात हे सगळं मोजलेलं असतं, आणि दांडा जवळजवळ उभा धरलेला असतो. तसा धरून काम करायचं नसतं, कारण कापलेली फांदी सरळ डोक्यावर येते. दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा धरू नये, हा नियम पाळला की खरा हिशेब असा येतो: २.७ मीटर लांबीचं यंत्र ६० अंशांत धरलं, तर टोक हातापासून सुमारे २.३ मीटर वर जातं. मागचा हात कमरेशी, म्हणजे जमिनीपासून एक मीटरवर. एकूण उंची ३.३ मीटरच्या आसपास. टोक तुमच्यापासून १.३५ मीटर पुढे राहतं, आणि तेवढं अंतर हवंच. पहिल्या मजल्याचा स्लॅब साधारण ३ मीटरवर असतो, त्यावरून तुमची फांदी या पोहोचीत येते का ते ठरवा. येत नसेल तर शिडी लावून उंची वाढवू नका. शिडीवर उभं राहून दोन्ही हातांत चालू करवत, आणि फांदी तुटताच दांड्याला बसणारा झटका, यात तोल सावरायला हात उरत नाही.

टोकाचं वजन

बॅटरीवरचे बहुतेक पोल सॉ साडेतीन ते साडेपाच किलोंचे असतात, पेट्रोलचे सहा ते आठ. पण एकूण किलोंपेक्षा ते वजन कुठे आहे याला जास्त किंमत द्या. मोटार टोकाला असेल तर दांडा पूर्ण उघडल्यावर पुढचा भार हातांना ओढतो. बॅटरी मागच्या मुठीपाशी असेल तर ती थोडा तोल राखते. काही यंत्रांत मोटारही मागे असते आणि दांड्यातल्या शाफ्टवरून चेन फिरते. ही यंत्रं एकूण जड भरतात, पण टोक हलकं राहतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला किंवा खांद्याचं दुखणं असलेल्याला हाच प्रकार सोसतो. खांद्यावर घालायचा पट्टा सोबत मिळत असेल तर तोही घ्या.

दांडे दोन प्रकारचे. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक दांडा चटकन लांब होतो, पण स्वस्त मालात कडी काही महिन्यांत ढिली पडते आणि कापताना दांडा गोल फिरतो. तुकडे जोडून स्क्रू कॉलरने आवळायचा दांडा जोडायला वेळ घेतो, पण जास्त ताठ राहतो. घरच्या कामाला तुकड्यांचा दांडा बरा, कारण खालच्या फांद्यांसाठी मधला तुकडा काढून ठेवता येतो आणि वजन लगेच कमी होतं.

दुकानात ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका: बॅटरी लावा, दांडा पूर्ण लांब करा, ६० अंशांत धरा आणि चालू न करता दोन मिनिटं तसेच उभे राहा. टोक थरथरायला लागलं, मनगट वळायला लागलं, तर घरी दहाव्या फांदीला काय होईल ते समजलं. दुकानदार खोकं उघडायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

बॅटरी, वायर की पेट्रोल

अधूनमधून वापरणाऱ्यासाठी बॅटरीचं यंत्र घ्यावं, याबद्दल शंका नाही. पण फसगतही इथेच सगळ्यात जास्त होते. लेबलवरचे व्होल्ट म्हणजे ताकद नव्हे. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पाच सेल ओळीत जोडले की १८ व्होल्ट. तीच बॅटरी पूर्ण भरल्यावर २० ते २१ व्होल्ट दाखवते, म्हणून '२० व्होल्ट मॅक्स' आणि '१८ व्होल्ट' ही एकाच बॅटरीची दोन नावं आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांवर '४८ व्होल्ट', '८८ व्होल्ट' असे आकडे छापलेले दिसतात. खरं काय ते चार्जर सांगतो. चार्जरवरचं आउटपुट वाचा: तिथे डीसी २१ व्होल्ट लिहिलं असेल तर आत पाच सेल ओळीत आहेत, म्हणजे यंत्र १८ व्होल्टचंच. दहा सेलांच्या ३६ व्होल्ट बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो.

मग तुलना वॉट-अवरवर करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. कापताना मोटार ५०० वॉट ओढते असं धरलं, तर ७२ वॉट-अवरमध्ये आठ-नऊ मिनिटं प्रत्यक्ष कापणी होते. एका फांदीला दहा सेकंद धरले तर कागदावर पन्नास काप. ओलं, चिवट लाकूड आणि बोथट होत जाणारी चेन लक्षात घेऊन त्याच्या निम्मे समजा. घरच्या एका सकाळीला ते पुरे. ३६ वॉट-अवरची बॅटरी मात्र अर्ध्यात साथ सोडते.

घरात ड्रिल किंवा गवत कापायचं यंत्र असेल तर त्याच कंपनीच्या बॅटरीवर चालणारा, बॅटरीविना मिळणारा पोल सॉ आहे का ते आधी पाहा. किमतीचा मोठा भाग बॅटरी आणि चार्जरचाच असतो. फक्त जुळणी तपासून घ्या. बॉशची घरगुती हिरव्या यंत्रांची १८ व्होल्ट बॅटरी निळ्या व्यावसायिक यंत्रांत बसत नाही. ३६ व्होल्टची काही यंत्रं १८ च्या दोन बॅटऱ्या एकदम घेतात. तेव्हा एकाच बॅटरीवर काम भागेल असं गृहीत धरू नका.

वायरचं यंत्र स्वस्त आणि पडून राहिल्याने न बिघडणारं. प्लॉट लहान असेल आणि झाड घरापासून २०-२५ मीटरच्या आत असेल तर विचार करायला हरकत नाही. ७५० वॉटचं यंत्र २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतं, १.५ चौरस मिलिमीटरची, बाहेर वापरायची रबरी एक्स्टेन्शन वायर लावा, आणि सॉकेट वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचवर (ईएलसीबी-आरसीसीबी) असल्याची खात्री करा. डोळे वर फांदीकडे असताना पायातली वायर दिसत नाही, तिच्यावरच फांदी पडते. दांड्याला गाठ मारून वायर मागे सोडा, आणि जमीन ओली असेल तर काम पुढे ढकला.

पेट्रोलचा पोल सॉ बागायतदाराचं यंत्र आहे. वर्षातून दोनदा वापरणाऱ्या घरात तो हमखास बंद पडतो, आणि कारण दरवेळी तेच: टाकीत राहिलेलं पेट्रोल. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं. पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर जमतो, आतला पातळ पडदा कडक होतो. मग कितीही दोरी ओढली तरी इंजिन उठत नाही. तरी घ्यायचंच असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या टूटी ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत बघा: १:५० असेल तर लिटरला २० मिलि, १:२५ असेल तर ४० मिलि. काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

सुपारीच्या किंवा आंब्याच्या बागेत पेट्रोलचा ग्रास कटर आधीच असेल तर मात्र चौथा मार्ग आहे: त्याच्या दांड्याला जोडायचं पोल सॉ अटॅचमेंट. नळीचा व्यास २६ की २८ मिमी, आणि शाफ्टच्या टोकाला ७ दाते की ९, हे मोजून मगच मागवा. यातलं एक जरी चुकलं तरी तुकडा बसत नाही.

करवतीचं तोंड: बार, चेन, तेल

बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी. ८ इंची बार घरच्या कामाला पुरतो, १० इंची सोयीचा, १२ इंची उगाच जड. कापायची फांदी बारच्या लांबीपेक्षा किमान २ इंचांनी बारीक असावी.

चेन बदलता येईल का, हा प्रश्न यंत्र घेण्याआधीच सोडवा. चेनवर तीन आकडे महत्त्वाचे: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि खालच्या बाजूने बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या. पिच बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल किंवा १/४ इंच, गेज ०.०४३ किंवा ०.०५० इंच. हे बारवर कोरलेले असतात. ते लिहून घ्या आणि जवळच्या शेती-अवजारांच्या दुकानात तशी चेन मिळते का विचारा. मिळत नसेल तर यंत्रासोबतच दोन चेन घ्या. बाकी यंत्र ठणठणीत, पण चेन मिळत नाही म्हणून माळ्यावर पडलंय, अशी अवस्था आधी दोन चेन घेतल्या की टळते.

तेल आपोआप सुटणारं यंत्र घ्या. बटण दाबून तेल सोडायच्या यंत्रात तुम्ही एकदा विसरलात की बार निळा-काळा पडतो. तेल सुटतंय का ते पाहायला टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर लांब धरून अर्धं मिनिट चालवा. कागदावर बारीक तेलाची रेघ उठली पाहिजे. तेल चेनचंच वापरा, ते चिकट असतं म्हणून चेनवर टिकतं. ते नसेल तर बऱ्याच पुस्तिका नवं एसएई ३० इंजिन ऑइल चालेल म्हणतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल नको; त्यातले धातूचे कण बार खातात, आणि तेच ऑइल तुमच्या फळझाडावर उडतं.

फांदीला हात लावण्याआधी

सगळ्यात मोठा धोका चेनचा नाही, विजेच्या तारांचा आहे. ॲल्युमिनियमचा दांडा वीज वाहतो, आणि फायबरग्लासचा दांडाही ओला किंवा धुळीने माखलेला असेल तर सुरक्षित नाही. पुस्तिकांमध्ये तारांपासून किमान ३ मीटर, काहींत तर १५ मीटर अंतर सांगितलेलं असतं. घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचं प्लास्टिक उन्हाने तडकलेलं असतं, तिच्यावर विसंबू नका. फांदी तारेला टेकत असेल किंवा पडताना टेकेल असं वाटत असेल, तर तुमच्या वीज कंपनीला कळवा; महावितरणची तक्रार १९१२ वर नोंदवता येते.

शहरात राहत असाल तर परवानगीही लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे, आणि मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत नुसत्या फांद्या छाटायच्या असल्या तरी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो.

मग झाड खालून निरखा: तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी, गांधीलमाशीचं पोळं, पाखरांची पिल्लं. पिल्लं असतील तर महिनाभर थांबा. हेल्मेट, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घाला. वर बघत काम असल्याने भुसा सरळ डोळ्यांत येतो. आंब्याचा चीक कातडी भाजतो, म्हणून हातमोजेही.

कापायचं कसं

फांदी कुठे पडेल ते ठरवा, आणि मागे सरकायची वाट आधी मोकळी करा. तुमच्याशिवाय त्या अंगणात कुणी नको.

खालच्या फांद्या आधी काढा, म्हणजे वरच्या पडताना अडकत नाहीत. लांब फांदी एकदम बुडाशी कापू नका. बुडाशी १० सेंमी जाड आणि ३ मीटर लांब ओली फांदी, शेंड्याकडे निमुळती धरली तरी, पानांसकट पंधरा-वीस किलो भरते. शेंड्याकडून हात-दीड हाताचे तुकडे करत आत या.

शेवटचा मीटरभर भाग तीन कापांत काढा. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर लांब, जाडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. बारच्या वरच्या कडेने कापताना यंत्र तुमच्याकडे ढकललं जातं, म्हणून मूठ घट्ट धरा. दुसरा काप वरून, त्याच्या ३-४ सेंमी बाहेर. फांदी स्वच्छ तुटते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा सुरकुतलेला फुगवटा असतो. काप त्याच्या लगेच बाहेर घ्या. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

प्रत्येक कापाला चेन आधी पूर्ण वेगात येऊ द्या, तोंडावरचा हुक किंवा टेकण फांदीला लावा, मग चेन टेकवा. दाबू नका, टोकाचं वजन पुरतं. बारच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्याने दुसऱ्या फांदीला स्पर्श झाला की यंत्र उसळतं, म्हणून दाट फांद्यांत टोक खुपसू नका. शेवग्याचं आणि गुलमोहोराचं लाकूड ठिसूळ. ते काप पुरा व्हायच्या आत मोडतं, तेव्हा आणखी एक पाऊल मागे उभे राहा.

चेन अडकली तर ओढाताण नको. खालचा काप जास्त खोल गेला की फांदी आपल्या वजनाने खाली बसते आणि चेन आवळते. स्विच सोडा, बॅटरी काढा, बाजूला उभं राहून बेचकं असलेल्या बांबूने फांदीचा बाहेरचा भाग वर उचला. चीर उघडते आणि बार निघतो.

आंबा छाटायचा तो फळं उतरल्यावर. दोन बोटांपेक्षा जाड कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, या प्रमाणात घरी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात भिजवून मग एकत्र करा. स्वच्छ खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. उघड्या जखमेतून बुरशी आत जाते, आणि कोकणात खोड पोखरणारी भिरूड कीडही.

काय बिघडतं

नवं यंत्र कापतच नाही, नुसता धूर येतो: दहापैकी बहुतेकदा चेन उलटी बसलेली असते. बारच्या वरच्या बाजूला दात्यांची धार टोकाकडे तोंड करून हवी. भुसा पिठासारखा बारीक पडतोय: चेन बोथट. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी गोल कानस, ३० अंशांत, प्रत्येक दात्याला सारखेच दोन-तीन हात. चेन बारवरून उतरते: ताण कमी. बारच्या खालून मध्यावर चेन ओढली की ३ मिमीच्या आसपास फट पडावी आणि सोडताच मिटावी. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासातच सैल पडते, तेव्हा थांबून पुन्हा ताणा. फणसाच्या चिकाने चेन चिकटली तर रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि तेल लावा. हे सगळं बॅटरी काढूनच.

पुन्हा माळ्यावर ठेवताना

तेलाची टाकी रिकामी करा. पडून राहिलेल्या यंत्रातून तेल झिरपतंच, ते यंत्राचं बिघडणं नव्हे. चेन काढून बारच्या खाचेतला भुसा पातळ पट्टीने खरवडा, चेन तेलात बुडवून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नाहीतर एका पावसाळ्यात कड्या गंजून ताठ होतात. बॅटरी यंत्रापासून वेगळी, साधारण निम्मी भरलेली, घरात गार जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत नको. तीन महिन्यांनी एकदा तिचे दिवे बघा, आणि एकच दिवा उरला असेल तर निम्म्यापर्यंत भरा.